मँटिस श्रिंप: अभ्यासासाठी ठोसा मारणारे निवडावेत की भोसकणारे?

मँटिस श्रिंपच्या अभ्यासाकडे वळणाऱ्याने कोणत्या गटापासून सुरुवात करावी, हे त्यांची शिकार करण्याची पद्धत पाहून ठरवणे सर्वांत सोयीचे आहे. हे कवचधारी सागरी प्राणी खेकडे आणि कोळंबी यांच्या दशपाद गणात मोडत नाहीत. स्टोमॅटोपोडा हा त्यांचा स्वतंत्र गण असून त्यात 450 हून अधिक जाती आहेत. छातीचे मागचे खंड उघडे ठेवणारे आखूड पृष्ठकवच, उदरावरील पोहण्याच्या पायांना जोडलेले कल्ले आणि घडी घालून ठेवलेली शिकारी पायांची मोठी जोडी ही लक्षणे दोन्ही गटांत आढळतात.

फरक आहे तो याच शिकारी पायांत. भोसकणाऱ्यांच्या पायाचे टोक लांब व काटेरी असते. ते वाळूत किंवा चिखलात बीळ करून दबा धरतात आणि मासे, कोळंबी असे मऊ भक्ष्य पकडतात. लायसिओस्क्विलिना मॅक्युलाटा ही त्यांतली मोठी जाती सुमारे 38 सेंटीमीटरपर्यंत वाढते.

ठोसा मारणाऱ्यांमध्ये त्याच अवयवाचा तळ फुगीर व अत्यंत कठीण झालेला असतो. ओडोंटोडॅक्टायलस स्किलॅरस सुमारे 18 सेंटीमीटरचाच, पण त्याच्या ठोशाचा वेग सेकंदाला 20 मीटरच्याही पुढे जातो; कारण स्नायू आधी खोगिरासारख्या लवचीक भागात ऊर्जा साठवतात आणि खिटी सुटताच ती एकदम मोकळी होते. या वेगामुळे पाण्यात बुडबुडे तयार होतात व ते फुटताना भक्ष्याच्या शिंपल्याला दुसरा आघात बसतो. लायसिओस्क्विलिनाचा वार याच्या तुलनेत बराच संथ असतो. यांत्रिकीची ओढ असलेल्याने म्हणूनच ठोसेवालेच निवडावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. बिळाच्या तोंडाशी चाललेली टेहळणी पाहायची असेल, तर मात्र भोसकणारे अधिक शिकवतात.

वर्गीकरण शिकायचे असल्यास केवळ पायांवर विसंबू नये. डोळ्यांच्या मधल्या पट्ट्यात स्क्विलॉइडिया या महाकुलात (अनेक कुलांच्या गटात) नेत्रिकांच्या, म्हणजे संयुक्त डोळ्यातील सूक्ष्म घटकांच्या, दोनच रांगा असतात, तर गोनोडॅक्टायलॉइडिया (ठोसेवाल्यांचे महाकुल) व लायसिओस्क्विलॉइडिया यांत सहा. रंगदृष्टीचे बहुचर्चित वैविध्य या सहा रांगांच्या डोळ्यांशी निगडित आहे. लायसिओस्क्विलॉइडियातील प्राणी मात्र भोसकणारे आहेत, म्हणजे डोळ्यांची रचना आणि शिकारीची पद्धत यांची विभागणी एकसारखी नाही. हेमिस्क्विला तर ठोसेवाल्यांच्या महाकुलात असूनही तिच्या पायाला ना फुगीर तळ आहे, ना काटे.