जुन्या अँबॅसेडरचं ड्वेल: उद्यमनगरातलं खात्रीचं काम

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातलं हे छोटं गॅरेज पॉइंट (कॉइलची वीज जोडून-तोडून ठिणगी पाडणारा स्विच) अंदाजानं लावत नाही, ड्वेल मीटर जोडतं. ड्वेल म्हणजे कॅम फिरताना पॉइंट जितके अंश बंद, म्हणजे चिकटलेले, राहतात तो कोन. आधी पॉइंटची तोंडं साफ. मग पॉइंटची फायबरची टाच कॅमच्या उंचवट्यावर आणून फिलर गेजनं (फट मोजायची पातळ पट्टी) ०.३५ ते ०.४० मिमी गॅप. पॉइंट ज्यात बसतात त्या लुकास २५डी डिस्ट्रिब्युटरला ड्वेल साधारण ६० अंश. गॅप जास्त राहिला की ड्वेल घटतो, कॉइल पुरती भरत नाही, गाडी वरच्या स्पीडला मिस मारते. टाच झिजली की उलटं, ड्वेल वाढून टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे पडतं. म्हणून कॅमला ग्रीसचा पुसट हात, आणि टायमिंग ड्वेलनंतरच! रेस दिल्यावर मीटरचा काटा तीन अंशांहून जास्त हलला, तर डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचं बुश गेलंय हे स्पष्ट सांगतात. कंडेन्सर (पॉइंट उघडताना तिथली ठिणगी आवरणारा भाग) मात्र चांगला बघून स्वतः न्या. त्यांच्याकडचा हलका असतो, पॉइंट लवकर जळतात.