तालुक्याच्या किराण्यातली ग्रीन टी : पानं चांगली, रीत चुकते

तालुक्याच्या बाजारात ग्रीन टी सध्या तीन रूपांत दिसते. पंचवीस पिशव्यांचा खोका, शंभर ग्रॅमची सुटी पानं आणि ‘पोट कमी करणारी’ म्हणून खपवली जाणारी मिश्रणं. पहिली दोन घ्यायला हरकत नाही. तिसरं घेण्याआधी मागची बारीक अक्षरं वाचा. सेन्ना किंवा सोनामुखी लिहिलेलं दिसलं तर पाकीट परत ठेवा, ते जुलाबाचं औषध आहे. काट्यावर वजन उतरलेलं दिसतं ते पाणी गेल्यामुळे. चरबी जागच्या जागी राहते. रोज घेतलं तर आतड्याला सवय लागते, पोटॅशियम घटतं. मे महिन्यात उन्हात राबणाऱ्याला हे फार धोक्याचं.

पिशव्यांपेक्षा सुटी पानं बरी. पिशवीत बहुधा चुरा असतो आणि तो कडवटपणा लवकर सोडतो.

सगळ्यात मोठी चूक चुलीवरच होते. दुधाच्या चहासारखी पानं पाण्यात टाकून खळखळ उकळली की टॅनिन भरपूर उतरतं. मग तोंड तुरट होतं, मळमळतं, छातीत जळजळतं आणि दोष पाकिटाला जातो. पाणी 75 ते 80 अंशांचं हवं. थर्मामीटर लागत नाही : गंजाच्या बुडाशी मोहरीएवढे बुडबुडे धरले की उतरवा. उकळी आलीच तर झाकण न ठेवता पाच-सात मिनिटं निवू द्या. उन्हाळ्यात थोडं जास्त. दीडशे मिली पाण्याला दोन ग्रॅम पानं, दोन मिनिटं, आणि लगेच गाळा. रंग फिकट पिवळा असेल तर जमलं, तपकिरी झाला तर जास्त मुरलं. पिशवी चमच्याने दाबून पिळू नका, शेवटचा कडू अंश त्यातूनच येतो.

पाण्याकडेही बघा. खारपाणपट्ट्यातल्या जड पाण्यात कपावर तवंग धरतो, चव मरते. यवतमाळ-चंद्रपूरकडे ज्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथे तर ते पाणी चहाला वापरूच नये. चहाचं झाड स्वतःच मातीतून फ्लोराइड ओढून पानांत साठवतं, जून पानांत अधिक. पाण्यात फ्लोराइडची कमाल मर्यादा लिटरला 1.5 मिलिग्रॅम आहे, आणि उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट दाट होतं. आरओच्या कॅनचं पाणी घ्या.

आता वेळ. आमच्या मते खोक्यावर ठळक छापायला हवी ती हीच गोष्ट. जेवणाबरोबर घेतलेली ग्रीन टी वरण, चवळी, अंबाडीच्या भाजीतलं लोह नीट अंगी लागू देत नाही. वेचणी-निंदणाला जाणाऱ्या बायांमध्ये रक्त कमी असणं आधीच घरोघरी आहे. शिदोरी सोडली की लगेच कप हातात घेणं त्यांना परवडणारं नाही. जेवणानंतर किमान तासभर थांबा आणि जेवताना भाजीवर लिंबू पिळा, लोह शोषायला त्याची मदत होते. लोहाची लाल गोळी सुरू असेल तर दोन तासांचं अंतर ठेवा. रक्त तयार व्हायला लागणाऱ्या फॉलिक ॲसिडचं शोषणही ग्रीन टी कमी करते, म्हणून सिकलसेलच्या रुग्णांनी आणि गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजची सवय लावू नये.

पहाटे उपाशीपोटी तर नकोच. निदान अर्धी भाकर पोटात जाऊ द्या. एका कपात साधारण 25 ते 35 मिलिग्रॅम कॅफिन असतं, म्हणजे दिवसाला दोन-तीन कप पुरे. झोप कच्ची असेल तर दुपारी चारनंतर घेऊ नका.

रक्त पातळ करणारं वॉरफरिन किंवा बीपीची नॅडोलॉल ही गोळी घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल मात्र सरळ टाळा. दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य द्रव्य) गोळ्यांतून गेलं तर यकृताला इजा होऊ शकते, असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने 2018 मध्ये दिला आहे. कपातल्या चहाची ती गोष्ट नाही.

साध्या सुट्या पानांना पाचपैकी चार. एक गुण पाकिटाचा कापला : एकदा फोडलं की ते नीट बंद होत नाही, आणि पावसाळ्यात आठवडाभरात पानं सादळतात. आणल्या दिवशीच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा, मसाल्याच्या डब्यापासून लांब.