वर्गांच्या बेरजेचा ऑनलाइन कोर्स : शिकवणं एक नंबर, उत्तरसूचीवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका

फक्त पूर्णांकांच्या वर्गांची बेरीज या एका विषयावरचा रेकॉर्डेड कोर्स नुकताच संपवला. ऑलिंपियाडची तयारी करत असाल किंवा नुसतीच नंबर थिअरीची आवड असेल तर नक्की घ्या.

सगळ्यात आवडलं ते हे, की सर आधी गणित सोडवायलाच लावत नाहीत, आधी विचारतात उत्तर असू तरी शकतं का. क्ष² + य² = २०२७ दिलं तेव्हा मी ४५ पासून खाली एकेक वर्ग वजा करत बसलो होतो आणि सरांनी दोन ओळीत विषय संपवला, कुठल्याही वर्गाला ४ ने भागा, बाकी ० नाहीतर १, मग दोघांची बेरीज केली तर बाकी ०, १ किंवा २, आणि २०२७ ची बाकी येते ३. संपलं!

मग लगेच २१ दिलं. बाकी १ येते, तरी उत्तर नाही, कारण २१ = ३ × ७ आणि ४ ने भागल्यावर बाकी ३ देणाऱ्या मूळ संख्यांचा घात सम लागतो. ४५ मध्ये ३ चा घात २ आहे म्हणून ६² + ३² जमतं. हे एकदा डोक्यात बसलं ना की अर्धी गणितं नुसती अवयव पाडूनच कळतात.

२०२६ चं उदाहरण तर मी तीनदा पाहिलं. २०२६ = २ × १०१३, त्यात २ = १² + १² आणि १०१३ = २२² + २३², आता ब्रह्मगुप्ताचं सूत्र लावा (अशा दोन बेरजांचा गुणाकारही दोन वर्गांची बेरीज असतो), इथे २३ आणि २२ च्या वजाबाकीचा वर्ग अधिक बेरजेचा वर्ग, म्हणजे १² + ४५², खरंच २०२६!! फर्माने १६४० मध्ये कुठल्या मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असतात तो नियम सांगितला आणि ऑयलरची सिद्धता यायला शंभरेक वर्षं गेली, तो भागही घाई न करता शिकवलाय. लाग्रांजचं चार वर्गांचं प्रमेयसुद्धा (कुठलीही नैसर्गिक संख्या चार वर्गांची बेरीज असते, १७७०) पूर्ण सिद्ध करून दाखवलंय.

तीन वर्गांचा भाग मात्र गुंडाळलाय. ७, १५, २३ अशा ८ ने भागून बाकी ७ देणाऱ्या संख्या का जमत नाहीत ते सांगितलं पण २८ का जमत नाही (४ × ७ आहे म्हणून) ते स्वतःच शोधावं लागलं.

आणि उत्तरसूची. क्ष² + य² = २५ ची पूर्णांक उत्तरं ८ दिलीत. ३ आणि ४ च्या चिन्हं-क्रम बदलून ८ जोड्या होतात बरोबर, पण (०, ±५) आणि (±५, ०) कुठे गेल्या? १२ पाहिजेत. ० हा पण पूर्णांकच आहे की, आणि नवीन मुलं नेमकी इथेच अडकतात, आपलंच चुकलं समजून बसतात. सपोर्टला कळवलं, दुरुस्त करतो म्हणाले, पण आज पाहिलं तर अजून ८ च आहे.