सोलापुरात बिऱ्हाड कुठं करावं : पेठेत की हद्दवाढीत?

बदलीची ऑर्डर हातात पडली आणि सोलापुरात घर शोधायला निघालात, की दोन सल्ले हमखास मिळतात. पेठेत वाढलेला माणूस सांगतो, ‘गावातच घ्या, सगळं हाताशी आहे.’ जुळे सोलापुरात घर बांधलेला सांगतो, ‘गावात कशाला कोंडून घेताय, इकडं मोकळं आहे.’ दोघंही खरंच बोलतात, फक्त पाण्याचा विषय दोघंही टाळतात. मी दोन्हीकडं राहिलेलो आहे आणि माझा कल कुठं आहे ते पुढं दिसेलच. तरी तुमच्या घरात माणसं किती आणि दिवसभर घरी कोण असतं, यावर तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं.

पेठ म्हणजे इथं नवी पेठ, शुक्रवार पेठ, टिळक चौक, बाळीवेस, साखर पेठ असा सगळा जुना पट्टा. हद्दवाढ म्हणजे 1992 मध्ये महापालिकेत आलेला बाहेरचा भाग : विजापूर रोडचं जुळे सोलापूर आणि सैफुल, होटगी रोडला आसरा चौकापलीकडची नगरं, शिवाय शेळगी, बाळे, केगाव. विद्यापीठात नोकरी असेल तर केगाव-बाळे सोडून लांब जाऊ नका, तिथं ही तुलना तशीही लागू होत नाही.

पेठेच्या बाजूने आधी बोलतो. दवाखाने, औषधांची दुकानं, मधल्या मारुतीजवळचं किराणा-मसाल्याचं मार्केट, चाटी गल्लीतलं कापड, सगळं पायी. स्टेशन आणि एसटी स्टँड जवळ, त्यामुळं पुण्याला पहाटेची हुतात्मा एक्स्प्रेस पकडायची किंवा मुंबईला रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस गाठायची तर घरातून निघायला घाई नाही. म्हाताऱ्या माणसांना बोळातली सोबत असते. सोलापूरच्या रोजच्या बोलण्यात तेलुगू, कन्नड, मराठी आणि उर्दू अशी सरमिसळ आहे, ती पेठेत सहा महिन्यांत कानावर बसते. हद्दवाढीत शेजारी बहुधा तुमच्यासारखेच बदलीवाले. पूर्व भागात, म्हणजे अशोक चौक, कन्ना चौक, साखर पेठ या बाजूला घर बघताना मात्र सुट्टीच्या दिवशी जाऊ नका. माग बंद असले की ती गल्ली शांत वाटते. शेजारच्या किंवा खालच्या खोलीत यंत्रमाग असेल तर त्याचा खटखटाट भिंतीतून येतो, आणि ज्याचं लहानपण त्यात गेलेलं नाही त्याला झोप लागत नाही.

आता पाणी. सोलापूरला चार-पाच दिवसांनी एकदा पाणी येतं, हे तुम्हाला आधीच ठाऊक असेल. धरणात पाणी नाही म्हणून असं होतं, असा बाहेरच्यांचा समज असतो. उजनी धरण काठोकाठ भरलेलं असतानाही पाळी तीच असते. तिथून शंभरेक किलोमीटर जलवाहिनीने आणि भीमा नदीतून औज-टाकळीच्या बंधाऱ्यापर्यंत सोडून, अशा दोन वाटांनी पाणी शहराकडं येतं, आणि जवळचा हिप्परगा तलाव थोडा हातभार लावतो. वाटेत वाहिनी फुटली किंवा पंपहाऊसची वीज गेली की अख्ख्या शहराचं वेळापत्रक एक दिवस पुढं सरकतं. उजनीहून समांतर वाहिनीचं काम झालं म्हणून भाड्याचं घर निर्धास्त घेऊ नका. धरणाकडून पाणी वाढलं तरी ते तुमच्या भागातल्या उंच टाकीत चढून तुमच्या बोळातल्या जुन्या पाइपातूनच यायचं आहे.

पाळी दोन्हीकडं जवळपास सारखीच. उन्हाळ्यात हद्दवाढीत एखादा दिवस जास्तच लागतो, हेही मान्य. तरी फरक पडतो तो वेगळ्याच गोष्टीने. पेठेत भाड्याने मिळतात त्या जागा बहुतेक पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या, तीन खोल्यांच्या. तिथं स्वतंत्र हौद नसतो. तळमजल्यावर एक नळ, त्यावर दोन-तीन बिऱ्हाडं. पाणी रात्री दीडला सुटेल नाही तर दुपारी अडीचला, आणि सुटेल तेव्हा घरातलं कुणीतरी जागं, हजर आणि मोकळं हवं. दाब कमी असेल तर पाणी जिना चढत नाही, मग टिल्लू मोटार, म्हणजे पाणी ओढणारा छोटा पंप लावायची. ती नळाला थेट जोडणं नियमात बसत नाही, पण बोळात चौघांनी लावली की पाचव्याच्या नळाला फक्त हवा येते, म्हणून पाचवाही लावतो. पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याचा नंबर शेजारच्या मावशींकडं असतो, आणि ‘आज येणार का हो?’ हा प्रश्न सगळ्या बोळाचा असतो. नवरा-बायको दोघंही नोकरीवाले असतील तर महिन्यातल्या पाच-सहा पाळ्यांपैकी निम्म्या अशाच हातून जातात. माझ्या लेखी सगळा निर्णय इथंच लागला. पाणी पाचव्या दिवशी येतं याची सवय होते. त्याच्यासाठी माणूस बांधून ठेवावा लागतो, याची झाली नाही.

जमिनीत हौद असलेल्या घरात हे सगळं आपोआप होतं. हौद रस्त्याच्या पातळीखाली असतो, म्हणून जे कमी दाबाचं पाणी वरच्या टाकीकडं ढुंकूनही बघत नाही, ते हौदात उतारानेच पडतं. तोंडाशी बॉल कॉक असला की भरल्यावर आपलं आपण बंद. तुम्ही ऑफिसात असा नाही तर झोपेत, सकाळी मोटार लावून गच्चीवरची टाकी भरायची, एवढंच काम. हद्दवाढीतल्या बैठ्या घरांना आणि रो-हाऊसना हौद बहुधा असतोच, कारण बांधणाऱ्याने हाच हिशेब करून बांधलेलं असतं.

हौद आहे एवढ्यावर समाधान मानू नका, मोजून घ्या. चार माणसांना काटकसरीने माणशी 100 लिटर धरले तर दिवसाला 400, उन्हाळ्यात मोठ्या कूलरचे 50 वेगळे. चार दिवसाआड म्हणजे पाच दिवसांचा साठा, आणि पाळी पुढं ढकलली जाते म्हणून एक दिवस जास्तीचा. झाले 2,700 लिटर. एका घनफुटात 28.3 लिटर बसतात. 6 बाय 4 बाय 4 फुटांचा हौद कागदावर नेमका तेवढाच भरतो, पण प्रत्यक्षात पुरत नाही. तळाचं पाच-सहा इंच पाणी फूट व्हॉल्व्ह, म्हणजे मोटारीच्या पाइपाच्या खालच्या टोकाची झडप, ओढत नाही आणि वरचे तीन-चार इंच बॉल कॉकमुळं रिकामे राहतात. 7 बाय 5 बाय 4 चा असेल तर हाताशी साधारण 3,200 लिटर येतात, चौघांना निवांत.

झाकण उचलून बघायला लाजू नका. आतल्या भिंतीवर पाण्याची एक खूण असते, काळपट रेघ. ती झाकणापासून वीतभर खाली असेल तर हौद दर पाळीला भरतो. कमरेएवढ्या खोलीवर असेल तर मालक काहीही म्हणो, तिथवरच पाणी येतं. झाकणाची कड अंगणाच्या फरशीपेक्षा चार बोटं वर हवी, नाही तर पावसाचं आणि धुण्याचं पाणी आत उतरतं. मोटार चालू करून दोन मिनिटं उभं राहा. ती हवा धरत असेल, दर वेळी वरून पाणी ओतून सुरू करावी लागत असेल, तर फूट व्हॉल्व्ह गळतोय. दुरुस्ती किरकोळ आहे, पण राहायला येण्याआधी मालकाकडून करून घ्यावी.

जमलं तर पाळीच्या दिवशी जाऊन नळाची धार बघा. 15 लिटरची बादली दीड मिनिटात भरली तर मिनिटाला 10 लिटर, दोन तासांत 1,200. म्हणजे हौद अर्धाही नाही. तीच बादली पाऊण मिनिटात भरली तर 2,400, तेवढ्यात घर चालतं. कमी पडेल ते बोअरने भरून काढायचं, म्हणून हद्दवाढीत दुसरा प्रश्न बोअरचा. बोअरचं पाणी इथं जड असतं. त्यात तूरडाळ शिजता शिजत नाही, गीझरच्या कॉइलवर क्षाराचा थर बसतो, नळाच्या तोट्या पांढऱ्या पडतात. तेव्हा बोअरची लाइन आणि टाकी वेगळी आहे का ते विचारा. एकाच टाकीत दोन्ही मिसळत असेल तर पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी पाळीच्या दिवशी वेगळं भरून ठेवावं लागतं. आणि प्रश्न असा विचारा : ‘मे महिन्यात बोअर किती वेळ चालते?’ नुसतं ‘बोअर आहे का’ विचारलं तर उत्तर नेहमी ‘आहे’ असंच येतं.

सगळंच आटलं तर टँकर. छोटा टँकर साधारण 5,000 लिटरचा. हद्दवाढीत तो दारात येऊन थेट हौदात पाइप सोडतो. पेठेतल्या बोळात तो वळतच नाही, आणि वळला तरी ओतायचा कुठं?

पाण्याच्या गुणवत्तेत डावं-उजवं करणं अवघड आहे. पेठेत पाइप जुने आणि गटारालगत गेलेले, त्यामुळं सुरुवातीची पाच-दहा मिनिटं गढूळ किंवा वासाचं पाणी येऊ शकतं. ते सोडून द्यायचं आणि पिण्याचं उकळून घ्यायचं. हौदात हेच पहिलं पाणी तुमच्या नकळत आत जातं, ही हौदाची खोट आहे. म्हणून हौद वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दिवाळीच्या सुमारास, उपसून घासावा लागतो.

हद्दवाढीचं दुखणं वेगळं. काळी माती. डांबरी रस्त्यापासून शंभर पावलं आत घर असलं आणि मधला रस्ता कच्चा असला, तर पावसाळ्यात चिखल मडगार्डमध्ये अडकून दुचाकीचं चाक फिरत नाही. कोरड्या दिवसांत घर बघितलं तर हे कळत नाही. शेजारच्या घरांसमोर मुरूम टाकलेला दिसतो का ते बघा. भिंतीतल्या तिरक्या भेगाही याच मातीमुळं, ती फुगते आणि आवळते. केसाएवढ्या असतील तर सोडून द्या, बोटाचं नख आत जात असेल तर दुसरं घर बघा. बऱ्याच नगरांत ड्रेनेज पोहोचलेलं नाही, सेप्टिक टँक असतो. तो बोअरपासून निदान पन्नास फूट तरी लांब असावा, आणि उपसणारी गाडी तिथवर पोहोचली पाहिजे. अंतराचं म्हणाल तर जुळे सोलापुरातून नवी पेठ दुचाकीवर वीसेक मिनिटं. बसच्या भरवशावर राहू नका, दुचाकी लागतेच. विजापूर रोडला जड वाहनं असतात, शाळकरी पोराला सायकलवर पाठवायचं असेल तर शाळा त्याच बाजूची निवडा.

उन्हाचं थोडक्यात. पेठेतल्या जाड भिंतींच्या माळवदाच्या घरात मे महिनाही सुसह्य असतो, पण तशी घरं भाड्याने क्वचितच मिळतात. मिळते ती वरच्या मजल्यावरची स्लॅबची खोली, आणि पारा 42-43 वर गेला की ती भट्टी. त्यात हद्दवाढीतलं बैठं घरही मागं नाही. फक्त तिथं संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकता येते आणि गच्चीला चुना मारायला कुणाची परवानगी लागत नाही.

करारात मालक छापील मजकूर पुढं करतो, त्यात पाण्याचा शब्द नसतो. टँकरचा खर्च कुणाचा, मोटार जळली तर कुणाची, हौद कोण साफ करणार, वर मालक राहत असेल तर बोअरची वेळ कशी वाटून घ्यायची, हे चार ओळींत लिहून घ्या. 11 महिन्यांचा करार असला तरी नोंदणी करायची असते आणि कायद्याने ती जबाबदारी मालकाची आहे. खर्च निम्मा-निम्मा करायची पद्धत आहे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला जाते, तिची पोच स्वतःकडं ठेवा.

मग पेठ कुणी घ्यावी? एकटा माणूस, डबा लावलेला, दिवसाला दोन-तीन बादल्यांत भागणारा, त्याने खुशाल पेठेत राहावं. दोन 200 लिटरचे बॅरल त्याला पुरतात. घरात आई-वडील दिवसभर असतील आणि दवाखाना जवळ हवा असेल, तरीही पेठच बरी, फक्त तळमजला आणि स्वतंत्र नळ मिळाला पाहिजे. पेठेत हौदासकट तळमजला मिळत असेल तर मी लिहिलेलं सगळं बाजूला ठेवून तो घ्या. तसा सहज मिळत नाही. दोघं नोकरीवाले आणि शाळेत जाणारी मुलं, असा संसार असेल तर माझं मत हद्दवाढीतल्या हौदाच्या बैठ्या घराकडं पडतं. तिथल्या अपार्टमेंटबद्दल मी एवढं ठामपणे बोलणार नाही. हौद सामायिक असतो, तळमजल्यावरचं कुटुंब आधी उठतं, आणि चौथ्या मजल्यापर्यंत हिशेब बिघडतो.

सामान हलवायचा दिवस ठरवताना दोन गोष्टी बघा. 12 ते 17 जानेवारी टाळा. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळं गावातले रस्ते बंद असतात, टेंपो अडकतो. आणि त्या भागाची पाळी विचारून, पाणी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी या. पाळीच्या आदल्या दिवशी आलात तर जुन्या भाडेकरूने तळाला लावलेला हौद तुमच्या वाट्याला येतो, आणि भांडी धुवायची असतात नेमकी त्याच दिवशी.