पाहुण्यांची एक संध्याकाळ: महाल की धरमपेठ?

नागपुरात आलेल्या पाहुण्यांना संध्याकाळी कुठे न्यावं, जुन्या महाल भागात की धरमपेठेत? धरमपेठेच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. लक्ष्मीभुवन चौकापासून वेस्ट हायकोर्ट रोडवर उशिरापर्यंत वर्दळ असते, बसायला एसी मिळतो, सोबत आजी असतील तर स्वच्छतागृहाची चिंता नसते. ग्लासभर बिअर हवी असेल तर इकडेच यावं. महालात दहानंतर शटरं पडायला लागतात, हेही खरंच.

अडतं ते गाडीपाशी. जेवण रामनगरात, आईस्क्रीम लक्ष्मीभुवनला, फेरफटका फुटाळ्यावर आणि नाटक असलंच तर सिव्हिल लाइन्सच्या देशपांडे सभागृहात. दर टप्प्याला गाडी काढा, जागा शोधा, पुन्हा लावा. चार तासांतला एक तरी असाच जातो, आणि पाहुणे पाहतात काय, तर पुढच्या गाडीचे लाल दिवे.

महालात गाडी नेऊच नये. मेट्रोने चितार ओळी चौकाला सहाच्या सुमारास उतरावं. पोळा-गणपतीच्या आधी आलात तर मूर्तिकारांच्या या ओळीत मूर्तींना रंग चढताना दिसतो. डोळे सर्वांत शेवटी, म्हणून अर्धा तास तिथेच मोडतो. पुढे बडकस चौक, मग गांधी गेट. जुन्या लोकांच्या तोंडी अजून जुम्मा दरवाजाच. सगळं पायी. थंडीचे दिवस असतील तर वाटेत सांबारवडी घ्या, वर कढी ओतून. पुणेकर पाहुण्यांना आधी सांगा की आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, नाहीतर ते इडली शोधत बसतात.

सावजीला, म्हणजे झणझणीत सावजी जेवणाच्या खानावळीत, आठच्या आत पोचावं. उशीर झाला की खूर आणि खिमा संपतो. नवख्यांसाठी ऑर्डर देतानाच 'तर्री कमी' म्हणावं. जाळ त्या वर तरंगणाऱ्या तेलात असतो आणि तो चौथ्या-पाचव्या घासाला कळतो, तोवर अर्धी वाटी संपलेली असते. मग गार पाण्याने काही होत नाही, लिंबू पिळून भात खावा. शाकाहाऱ्यांनी पाटोडी रस्सा किंवा डाळकांदा मागवावा, पण तो बिनतिखट असेल या भ्रमात राहू नये.

तारीख हातात असेल तर पोळ्याचा दुसरा दिवस धरा. त्या दिवशी मारबतींची, म्हणजे वाईटाला हाकलण्यासाठी काढलेल्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक असते. 1881 पासूनची काळी मारबत आणि 1885 पासूनची पिवळी, दोघींची गाठ नेहरू पुतळ्यापाशी पडते. गर्दी खांद्याला खांदा लावून असते, त्यामुळे लहान मुलं घरीच बरी. आणि हा सोहळा दिवसाचा. सावजी त्या दिवशी दुपारी.

गुडघे दुखणारं कुणी असेल तर धरमपेठ, त्यात वाद नाही. बाकीच्यांनी फक्त परतीचं पाहावं: शेवटची मेट्रो रात्री दहाच्या आसपास असते, तेव्हा साडेनऊला हात धुवून निघालेलं बरं.