घराची देखभाल की वाढीव विमा: पैसा आधी कुठे घालावा?

विम्याचं नूतनीकरण जवळ आलं की कंपनी अ‍ॅड-ऑनची (मूळ पॉलिसीवर जादा पैसे भरून घ्यायच्या संरक्षणांची) यादी पुढे करते, आणि नेमकं त्याच वर्षी गच्चीचं वॉटरप्रूफिंगही करायचं असतं. दोन्हीला पैसे पुरत नसतील तर आधी काय? माझ्या मते ते नुकसान कसं होतं यावर ठरवावं. अचानक ओढवलेलं नुकसान हा विम्याचा प्रांत. महिनोन्‌महिने हळूहळू होत गेलेलं नुकसान मात्र बहुतेक पॉलिसी झीज किंवा देखभालीचा अभाव म्हणून वगळतात. म्हणून पॉलिसी वाचायला बसाल तेव्हा वगळलेल्या बाबींचं पान आधी उघडा.

फुटलेला पाइप आणि झिरपणारा पाइप

पाइपच्या एकाच जोडाच्या दोन तऱ्हा होऊ शकतात. तो एका रात्रीत फुटला आणि घरभर पाणी झालं, तर क्लेमला जागा आहे. तोच जोड सिंकमागे सहा महिने ठिबकत राहिला, तर सहसा नाही. आणि हे लपवताही येत नाही. छतावर पाणी पुन्हा पुन्हा झिरपून सुकलं की डागाची एकात एक वलयं उमटतात. लाकूड बोट दाबलं तरी आत जातं. नुकसान तपासायला आलेला विम्याचा सर्वेअर तेच पाहतो. म्हणून झिरपीच्या बाबतीत माझा कौल सरळ देखभालीला आहे. यासाठी वाढीव संरक्षण क्वचितच मिळतं, मिळालं तरी मर्यादा तोकडी असते.

उशीर इथे फार महाग पडतो. ओल काँक्रीटमधल्या सळईपर्यंत पोहोचली की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, आतून दाब येतो आणि काँक्रीटचे तुकडे सुटायला लागतात. वरून सिमेंटचा गिलावा आणि रंग दिला की डाग झाकतो, गंज चालूच राहतो. रंगावर खर्च करण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधा. भिजलेल्या वस्तूंवर 24 ते 48 तासांत बुरशी धरू शकते, तेव्हा पुसण्याइतकंच वाळवणंही महत्त्वाचं.

गळतीची शंका असेल तर टाकी भरलेली असताना सगळे नळ बंद करा, मीटरचा आकडा टिपा आणि दोन तास पाणी अजिबात वापरू नका, फ्लशसुद्धा नाही. आकडा पुढे सरकला तर कुठेतरी गळतंय. वॉशिंग मशीनची साधी रबरी नळी फुगलेली किंवा तडकलेली दिसली तर स्टीलच्या जाळीची नळी लावून घ्या. प्रत्येक दुरुस्तीचं बिल आणि फोटो जपून ठेवा. पुढे खरंच पाइप फुटला, तर देखभाल केली होती हे दाखवायला तेच उपयोगी पडतात.

वाळवी

इथे तुलनेला फारसा वावच नाही. वाळवी आणि उंदीर-घुशींनी केलेलं नुकसान बहुतेक पॉलिसींत वगळलेलं असतं. खरी निवड आहे ती दोन उपायांतली. दिसलेल्या जागी फवारा मारला की दिसणारी वाळवी मरते, जमिनीतलं वारूळ शाबूत राहतं. पायाभोवतीच्या मातीत केलेली प्रक्रिया महाग, पण ती वाळवीची वाट अडवते. भिंतीवर पेन्सिलीएवढी जाड मातीची नळी दिसली तर ती थोडी मोडा. काही दिवसांत पुन्हा बांधली गेली, तर आत वावर सुरू आहे असं समजा. ती रिकामी निघाली म्हणून वाळवी गेली असं मात्र धरू नका.

ड्रेनेजचं पाणी उलटं येणं

तळमजला किंवा तळघर असेल तर इथे मी दोन्ही घेईन. ड्रेनेजच्या पाइपला बसवलेला एकदिशा व्हॉल्व्ह बाहेरचं पाणी घरात येऊ देत नाही. पण तो मिटलेला असताना आपलंही सांडपाणी बाहेर जात नाही, आणि तेल-केसांचा थर साचला तर झडप नीट बसत नाही. ती वेळोवेळी साफ करावी लागते. एवढं करूनही झडप चुकली तर अ‍ॅड-ऑन कामी येतो. तो घेताना भरपाईची कमाल मर्यादा तेवढी पाहा.

पूर आणि भूकंप

पैसा आधी विम्याला. पाया नव्याने बांधण्याचा खर्च देखभालीच्या पैशांत बसत नाही. घराभोवतीच्या जमिनीला पहिल्या 3 मीटरमध्ये 15 सेंटीमीटर उतार दिला तर पावसाचं पाणी पायापासून लांब जातं, पण नदीचा पूर त्याने अडत नाही. अनेक ठिकाणी पुराचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं, आणि ते लगेच लागू होईलच असं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय पूर विमा योजनेत सर्वसाधारणपणे 30 दिवस थांबावं लागतं. पुराचा अंदाज जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

बंद घर

घर सलग 30 किंवा 60 दिवस रिकामं राहिलं तर काही पॉलिसींत संरक्षण कमी होतं. जास्त दिवस बाहेर जाणार असाल तर कंपनीला आधी लेखी कळवा, आणि निघताना पाण्याचा मुख्य कॉक बंद करा.