पहिल्या गाडीचे पैसे रोख देणारा व्यापारी

द्राक्षाचा व्यापारी पहिल्या गाडीला कधीच बुडवत नाही. पहिली गाडी तो लहान भरतो, बांधावरच नोटा हातात देतो आणि वर म्हणतो, "मोजून घ्या वहिनी, मागनं कटकट नको." संध्याकाळपर्यंत ही बातमी दूध डेअरीपासून पारापर्यंत पोचलेली असते. त्याच्या लेखी तो जाहिरातीचा खर्च असतो. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या पट्ट्यात दर हंगामात कुठल्या ना कुठल्या गावात हे घडतं. तिकडे निफाड-दिंडोरीतही घडतं. गेल्या हंगामात आमच्या घराचा नंबर लागला. पैसे बुडाले एवढं सगळे सांगतात, पण कसे बुडाले ते लाजेपायी कुणी बोलत नाही, म्हणून पद्धत सविस्तर लिहिते आहे.

आमची दोन एकर बाग आहे, लांब मण्याची, खायला जाणारी. शेतात नवरा आणि सासरे, म्हणजे आमचे आण्णा. वही माझ्याकडे, कारण लग्नाआधी मी पतसंस्थेत कॅशला बसायचे. ऑक्टोबर छाटणीपासून हिशोब लिहिलेला होता: औषधं, जीए (मणी फुगवायचं संजीवक), विरळणीच्या बायकांची मजुरी, डिझेल. औषध दुकानाची उधारी वेगळ्या पानावर.

व्यापारी थेट येत नाही, आधी त्याचा माणूस, मध्यस्थ येतो. हा माणूस शेजारच्या गावचा, ओळखीतला, आमच्या आण्णांना "मामा" म्हणणारा. त्याला पेटीमागे कमिशन असतं. बाग बघायला तोच येतो, दोन-चार मणी तोंडात टाकतो, "गोडी उतरली की मामा" म्हणतो आणि जाता जाता विचारतो, सोसायटीचं कर्ज भरलं का? हा प्रश्न मला तेव्हा आपुलकीचा वाटला होता. तो चौकशीचा होता. पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरलं तर व्याजात सवलत मिळते. त्यामुळे मार्च उजाडला की बागायतदाराला पैशाची किती घाई असते, हे त्या कर्जाच्या आकड्यावरून बरोबर कळतं.

आमचं सगळं नुकसान या घाईतून झालं. द्राक्ष झाडावरून तोडल्यावर पिकत नाही. केळीसारखं कच्चं तोडून आढी घालता येत नाही, गोडी वेलीवरच भरावी लागते. आणि एकदा भरली की थांबताही येत नाही. मणी मऊ पडतो, गळ सुरू होते, आणि अवकाळी आला तर दोन तासांत मणी तडकून घड सडायला लागतात. वर एप्रिल छाटणीआधी वेलीला विश्रांती द्यायची असते. म्हणजे विकायला हातात फार तर दोन-तीन आठवडे. हे व्यापाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त पाठ असतं. तो भाव कमी करत नाही, वेळ कमी करतो.

सौदा ठरला चार किलोच्या पेटीला २१० रुपये. आजूबाजूला १९५-२०० चालू होतं. दहा-पंधरा रुपये जास्त देणारा माणूस मला तेव्हाही खटकला होता आणि मी तसं घरात बोललेही, पण गावात त्याच दराने आणखी तीन बागा त्याने घेतल्या होत्या. पहिल्या दिवशी ६०० पेट्या पिकअपमध्ये भरल्या, १ लाख २६ हजार रुपये बांधावर दिले. दुसरी गाडी मोठी, १४०० पेट्यांची. तिचे २ लाख ९४ हजार व्हायचे. दीड लाख खात्यावर आले, त्याच संध्याकाळी. बाकी "पुढच्या गाडीबरोबर".

मग आभाळ आलं. मोबाइलवर पावसाचा अंदाज फिरायला लागला आणि तो माणूस सकाळी सातला दारात. शेठ म्हणतोय मार्केट पडलंय, १९० ने देणार असला तर आज-उद्यात बाग रिकामी करतो, नाहीतर तो दुसऱ्या गावाला जातोय. आण्णा ओट्यावर बसले होते, त्यांनी एकदा आभाळाकडं बघितलं आणि "भरा" म्हणाले. त्या वेळी बागेत पंचवीस लाखांचा माल असता तरी कुणीही तेच म्हणालं असतं. दोन दिवसांत २६०० पेट्या गेल्या. पेटी चार किलोची म्हणायची, भरायची सव्वाचार. ती तर इथली रीतच झालीय, तिच्यावर आता कुणी भांडतसुद्धा नाही.

शेवटच्या गाडीची पावती माझ्याकडे अजून आहे. स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या पॅडचं पान, वर गणपतीचं चित्र. छापील नाव नाही, पत्ता नाही, मोबाइल नंबर नाही. पेट्यांची संख्या आहे, तारीख आहे, दराचा रकाना रिकामा. खाली सही म्हणून एक वेलांटी ओढलेली. मी म्हटलं दर लिहा. तर व्यापारी म्हणाला, "वहिनी, दर सगळ्यांसमोर ठरलाय, गाडी उभी आहे, ड्रायव्हर ओरडतोय." मी नवऱ्याच्या मोबाइलवरून त्याला मेसेज टाकला: एकूण एवढ्या पेट्या, हा दर, एवढी बाकी, बरोबर ना? त्याने उलट अंगठा टाकला. आज वकिलाच्या फाइलमध्ये त्या पावतीपेक्षा त्या अंगठ्याला जास्त किंमत आहे.

एकूण बाकी ६ लाख ३८ हजार. त्यातल्या ५ लाखांचा पंधरा दिवस पुढच्या तारखेचा चेक दिला, उरलेले आठवड्यात. चेकवर कुठल्याशा ट्रेडर्सचं नाव होतं. हा नाव सांगायचा वेगळं, चेकवरचं नाव वेगळं. विचारलं तर "आमच्या भावाची फर्म आहे." आठवडाभर फोन उचलत होता, "टाकतो", "बँकेत गर्दी आहे", "मार्केटमधून आले की टाकतो". मग फोन बंद. तालुक्याच्या गावी त्याने भाड्याने घेतलेली खोली रिकामी, आत नुसत्या पेट्यांच्या पुठ्ठ्यांचा ढीग. मध्यस्थाचं उत्तर ठरलेलं: "माझेपण अडकलेत मामा." चेक परत आला, कारण लिहिलेलं: खाते बंद.

शोध लागला तो गाडीच्या नंबरामुळे. ताज्या फळांवर जीएसटी नाही आणि त्यामुळे ई-वे बिलही लागत नाही, म्हणजे माल कुठून कुठे गेला याचा कागदच तयार होत नाही. पण भरताना पोरांनी काढलेल्या फोटोत आयशर ट्रकची नंबरप्लेट दिसत होती. ड्रायव्हर सापडला. त्याचा यात काही संबंध नव्हता, त्याचंही अर्धं भाडं बुडालं होतं. त्याने सांगितलेल्या बाजारात नवरा आणि गावातले आणखी दोघे गेले. तिथल्या अडत्याने वही उघडून दाखवली. माल उतरला त्याच दिवशी विकला गेला होता, अडत आणि हमाली कापून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, झाली होती आणि पूर्ण पैसे आमच्या शेठने उचललेले. मार्केट पडलंय म्हणून आम्ही वीस रुपये सोडले होते ना, त्या दिवशीचा दर आधीच्या गाडीपेक्षा वर होता. मला सहा लाखांपेक्षा हे जास्त लागलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. २०१६ पासून राज्यात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला नियमन राहिलेलं नाही. शेतकऱ्याला मोकळीक मिळाली ती चांगलीच आहे, आम्ही काही ती परत द्या म्हणत नाही. पण आवारातल्या अडत्याकडे परवाना असतो, त्याने बुडवलं तर समितीच्या दारात जाऊन उभं राहता येतं. बांधावर माल घेणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. त्याला ओळखणारा एकच माणूस असतो, मध्यस्थ, आणि आपण सगळ्यांची सही घेतो, त्याची तेवढी घेत नाही.

पोलिसांत गेल्यावर पहिलं वाक्य ऐकायला मिळतं, "हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." तिथून परत फिरू नका. पैसे द्यायचेच नाहीत अशा इराद्याने माल नेला असेल तर ती फसवणूक आहे. पूर्वी तिला चारशेवीस म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. तक्रार घेतली नाही तर तीच लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते आणि त्यापुढे मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. एकट्याने जाण्यापेक्षा त्याच व्यापाऱ्याने बुडवलेले सगळे मिळून जा. आम्ही चौघं एकत्र गेलो, चार गावच्या चार तक्रारी एकाच पद्धतीच्या दिसल्या, तेव्हा "मामला दिवाणी" हे वाक्य बंद झालं. मनात आणलं तर पोलीस वसुली करू शकतात, हेही खरं आहे. २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्राचे तेव्हाचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी अशा व्यापाऱ्यांविरुद्ध मोहीम उघडली होती आणि बऱ्याच शेतकऱ्यांचे अडकलेले पैसे सुटले होते.

चेकचं मात्र घड्याळ वेगळं चालतं आणि तिथे पुष्कळ जण चुकतात. चेक तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत पडला पाहिजे. परत आल्याचं बँकेने कळवलं की तीस दिवसांच्या आत समोरच्याला लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर त्याला पंधरा दिवस, आणि ते संपल्यावर एक महिन्याच्या आत चेक न वटण्याबद्दलच्या कलम १३८ खाली कोर्टात तक्रार. व्यापारी "आज टाकतो, उद्या टाकतो" करतो ते यातला एकेक दिवस खाण्यासाठी. खातं बंद असलं तरी हे कलम लागतं. आणि खटला त्याच्या शहरात जाऊन लढवावा लागत नाही. चेक आपल्या खात्यात भरला असेल तर आपल्या शाखेच्या हद्दीतलं कोर्ट चालतं, २०१५ च्या दुरुस्तीपासून. आमच्या वकिलांनी हे सांगेपर्यंत आण्णा म्हणत होते, कुठं त्या परमुलखात हेलपाटे घालायचे, सोडून द्या. अडचण आली ती चेकवरच्या नावाची. १३८ खाली तोच सापडतो ज्याचं खातं आणि ज्याची सही. आमच्याशी सौदा करणारा त्यात बसत नाही, तो फसवणुकीच्या गुन्ह्यात बसतो. म्हणून दोन्हीकडे खेटे चालू आहेत. आजवर तडजोडीतून १ लाख १० हजार हातात आले, तेही मध्यस्थाचं नाव तक्रारीत घातल्यावर त्याच्या घरच्यांनी दिले.

बेदाणा केला असता तर, असं बरेच जण सुचवतात. बेदाण्याने वेळ हातात येतो हे खरं. माल रॅकवर वाळवून कोल्ड स्टोरेजला टाकला की तासगाव-सांगलीच्या सौद्यात सावकाश विकता येतो. पण चार किलो द्राक्षाचा जेमतेम किलोभर बेदाणा, गोडी बावीस ब्रिक्सच्या (साखरेच्या मापाच्या) पुढे लागते, आणि खाण्यासाठी जीए देऊन फुगवलेल्या मण्याचा बेदाणा तसा उतरत नाही. आमच्या बागेत तो मार्ग अर्धाच उपयोगी. थोडा माल तरी तिकडे वळवायचा, म्हणजे आभाळ आलं तरी सगळी मान एकाच हातात राहत नाही.

यंदा मी एक साधा कागद केला. सौदा करणाऱ्याचं आधार आणि पॅन, त्याच्या स्वतःच्या खात्याचा चेक, ठरलेला दर आकड्यात आणि अक्षरात, प्रत्येक गाडीचा नंबर, आणि खाली मध्यस्थाची सही, जामीनदार म्हणून. आधीच्या गाडीचे पैसे खात्यावर दिसल्याशिवाय पुढच्या गाडीला कात्री लागणार नाही, हेही त्यात लिहिलं. पहिला व्यापारी कागद बघून हसला आणि गेला. दुसरा म्हणाला, विश्वासावर धंदा असतो वहिनी. तिसऱ्याने सही केली, पण पेटीला बारा रुपये कमी सांगितले. घासाघीस करून आठवर आणलं आणि माल त्याला दिला.